सोलरच्या नळीतला बोळा

मंडळी, आज आमच्या सोलरनं मला सकाळीच गच्चीवर नाचवलं!

बहीण बाळंतपणाला अकोल्याला आली आहे. बाळाच्या आंघोळीची वेळ झाली आणि सोलरची गरम पाण्याची टाकी भरेचना. वरची थंड पाण्याची टाकी काठोकाठ, व्हॉल्व्ह उघडा, तरी नळाला धार करंगळीएवढी.

शेवटी शिडी लावून चढलो. टाकीतली हवा बाहेर जायला जी उभी नळी असते, तिच्या तोंडात फडक्याचा बोळा, वरून सुतळी गच्च! हवाच कोंडली, मग पाणी शिरेल कुठून? बोळा उपसला, फुस्स झालं आणि टाकी भरायला लागली.

खाली येऊन ओरडलो, "हे कोणी केलं?"

"म्या," बाबा म्हणाले. "वाफ उडून जाऊन राहिली होती. बंबाले झाकण लागते, मंग याले काहून नाही? लेकराचं पाणी निवून जाईल ना!"

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाचा आजोबांचा तांब्याचा बंब बाबांनी वर्षानुवर्षं पेटवलाय. त्यांना कोण समजावणार?

बोळा उलगडला तर बाबांचं जुनं, मऊ धोतर. त्याच्याच उरलेल्या भागाची बाळाला दुपटी शिवली आहेत.

माझं रागावणं तिथंच संपलं. तुमच्या घरी अशी झाकणं कोण लावतं हो?