तुरीत बकरी शिरली त्या दुपारी

आमच्याकडे भीती वाटायची ती वाघाची. तो खरा असतो, बांधावर त्याच्या पंज्यांचे ठसे दिसतात. बाकी भूत, करणी, अंगात येणं... हे मी कधी मानलं नाही. आम्ही बौद्ध, आणि माझे वडील तर स्वतः पाहिल्याशिवाय कशालाही मान हलवायचे नाहीत. तीच सवय मला लागली. मुलीने मोठा फोन घेऊन दिल्यापासून मी त्यावर लोकांचे असले अनुभव वाचते. वाचायचं, थोडं हसायचं आणि फोन ठेवून द्यायचा, एवढंच.

आता माझाच अनुभव लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली. वाचायला आवडतं, पण लिहायची सवय नाही, आणि चारचौघांत बोलायची तर त्याहून नाही. बचतगटाच्या बैठकीत मी दाराजवळ बसते, सही करते, निघून येते. म्हणून हे आधी स्वतःसाठीच लिहिते. मी वाचते तिथे पाठवायचं की नाही ते नंतर बघेन.

आमचं गाव गोंडपिपरीपासून आत, जंगलाला लागून आहे. मी शाळेत मुलांची खिचडी शिजवते. दुपारी भांडी घासून झाली की घरी येते, आणि मग घरात मी एकटीच. माझे मालक मुलगी लहान असतानाच गेले. रोशनी माझी एकच मुलगी, चंद्रपूरला शिकली आणि आता पुण्याला सॉफ्टवेअरच्या एका लहान कंपनीत आहे. घरात तिला आम्ही बेबी म्हणतो.

तिच्या कामातलं मला काही कळत नाही, पण तिने समजावलं तेवढं सांगते. ती कॉम्प्युटरवर लिहिते. वेगवेगळ्या फायलींत लिहिलेलं सगळं शेवटी एकत्र बांधावं लागतं, त्याला बिल्ड म्हणतात. बांधताना एखादा भाग सापडला नाही की एरर येते – मॉड्यूल सापडत नाही. भाग तिथेच असतो, पण बांधणाऱ्याला तो कुठे आहे हे नीट सांगितलेलं नसतं. मग कुठे सांगायचं राहिलं हे शोधण्यात बेबीचा दिवस जातो. कधी दोन दिवस जातात.

ती नवीन होती तेव्हा तिच्या वरच्या मॅडमनी तिला एक युक्ती सांगितली. अडलं की सगळं मोठ्याने कोणालातरी समजावून सांग, समोरच्याला काही कळलं नाही तरी चालेल. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. तिच्या ऑफिसात काहीजण त्यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात म्हणे.

"माह्याकडं बदक नाई, तू आहेस," बेबी म्हणाली होती.

तेव्हापासून तिचा दुपारी फोन यायचा. कशी आहेस वगैरे काही नाही, फोन उचलला की सरळ एररच सुरू. मी तांदूळ निवडत ऐकायची. ती थांबली की मी म्हणायची, "हं... मग?" पुन्हा ती सुरू. बोलता बोलता एकदम म्हणायची, "सापडलं वो आई," आणि फोन बंद. पुष्कळदा मी पोटभर जेवले का हेही विचारायचं तिच्याकडून राहून जायचं. पण मला त्याचं वाईट वाटत नसे. दिवसभरात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

शेजारच्या यमुनाबाईला हे माहीत होतं. ती कुंपणावरून विचारायची, "काय म्हणते तुही साहेबीण? आज काय हरवलं तिचं?" मी सांगायची, काहीतरी हरवलं होतं, सापडलं. "तिले सांग, माह्या घरी एक विळा हरवला आहे, तोही पाहून दे म्हणा."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तूर निघाली आणि त्यानंतर लगेच अवकाळी आला. वादळात नाल्याकडचा मोठा सागवान तारांवर पडला. लाइन गेली, टॉवर गेला. आमच्याकडे लाइन गेली की लवकर येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. फोन काही वेळ चालला, मग तोही विझला. मी तो कोनाड्यात ठेवून दिला.

वादळाच्या आदल्या दिवशी बेबीशी शेवटचं बोलणं झालं होतं. त्या दिवशी एरर नव्हती, ती रडत होती. तिला नोकरीत अजून पक्कं केलेलं नव्हतं, तिच्याबरोबरच्या दोघांना काढून टाकलं होतं. एक मोठं काम तिच्या एकटीच्या अंगावर होतं आणि ते त्याच आठवड्यात द्यायचं होतं.

"नाई झालं ना आई, तर मले ठेवणार नाईत. मंग येतो मी घरी."

मी म्हटलं, होईल, घाबरू नको. आईने म्हणायचं तेच म्हटलं.

पण फोन ठेवला आणि मी आतली खोली झाडायला घेतली. दिवाळीत ती येते तेव्हा त्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसते. खाट बाहेर काढून उन्हात टाकली, गादी झटकली. गोंडपिपरीला कॉम्प्युटरची दुकानं आहेत, दाखले काढून देतात, तिथे तिला काम मिळेल... सकाळी सोबत चहा पिऊ, असं सगळं डोक्यात येत होतं. खाट आत नेऊन ठेवताना मला लाज वाटली. तरी नवीन चादर घातलीच.

मग वादळ आलं, आणि तिचं काय झालं हे कळायचा रस्ता बंद झाला.

तूर भिजली होती. ऊन पडल्याबरोबर मी ती अंगणात ताडपत्रीवर पसरली. त्या दुपारी शाळेतून आले, जेवले आणि ओसरीत भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. मी झोपेत नव्हते, तापही नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिला प्रश्न तोच येईल.

आतल्या खोलीतून बेबीचा आवाज आला.

फोनमधून येतो तसा बारीक नाही. ती खोलीत बसून बोलते तसाच, मध्ये दार आहे एवढ्या अंतरावरून.

"आई, आइक. मी एका फोल्डरले टोपणनाव देलं. म्हणजे मले जसं घरी बेबी म्हणता, तसं. मी जिथी लिहितो तिथी ते नाव बरोबर ओळखते, चुकीची लाल रेघ नाई, काही नाई. पण बिल्ड कराले गेलं का म्हणते, असं मॉड्यूलच नाई."

आणि मला नवल वाटलं नाही! आज आठवलं की त्याचंच जास्त नवल वाटतं. मी सवयीने म्हटलं, "हं... मग?"

"मंग काय. कॉन्फिगच्या फायलीत सांगून ठेवलं आहे वो, हे नाव म्हणजे हा फोल्डर. दहा वेळा वाचली. सगळं बरोबर आहे. तरी त्याले सापडत नाई. संध्याकाळी द्यायचं आहे..."

तिचा आवाज भरून आला होता. मी काही बोलणार तेवढ्यात अंगणात ताडपत्री खसखसली. यमुनाबाईची काळी बकरी तुरीत तोंड घालून उभी होती.

"थांब वो बेबी, तुरीत बकरी शिरली," मी म्हटलं आणि काठी घेऊन धावले.

बकरी चिवट. इकडून हाकलली की तिकडून यायची. तिच्या मागे ताडपत्रीभोवती फिरताना मनात एक विचार आला. तो इथे खरा खरा लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं – नाही सापडलं तर बरं होईल. येऊ दे तिला घरी.

बकरी गेली. मी काठी टेकवून ओसरीत आले आणि म्हटलं, "हं, सांग."

आत काही नव्हतं. मी खोलीत गेले. खाटेवर नवीन चादर होती, तिला सुरकुतीसुद्धा नव्हती. फोन कोनाड्यात होता तसाच, काळा, थंड. बटण दाबून पाहिलं, विझलेलाच होता. मग मात्र मला तिथे थांबवेना. मी बाहेर येऊन उन्हात बसले.

यमुनाबाई बकरी बांधून कुंपणाशी आली. "कोणासंग बोलत होती वो? बेबी आली का? दिसली नाई."

म्हणजे मी बोलले होते, तिने ऐकलं होतं. तिला फक्त माझाच आवाज ऐकू आला होता. मी म्हटलं, तुझ्या बकरीशी बोलत होते. ती म्हणाली, "तिच्यासंग बोलून काय उपयोग, ती मालकिणीचंही आइकत नाई." मी हसले. हसल्याशिवाय ती गेली नसती.

लाइन आली त्याला आणखी काही दिवस गेले. त्या दिवसांत मी शाळेत गेले, खिचडी शिजवली, घरी आले. आतल्या खोलीचं दार लावून ठेवलं होतं. एकटीला आवाज येतात, असं मी स्वतःला समजावलं. तिची आठवण येत होती, रोज दुपारी तिचं बोलणं ऐकायची सवय होती, कानाने ते आपणच तयार केलं असेल. माझ्या वडिलांनी हेच म्हटलं असतं.

फोन चार्ज झाला, आणि थोड्या वेळाने तो वाजला.

बेबी आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, काम झालं. तिला पक्कं केलं. मी म्हटलं, छान झालं. माझा आवाज कसा निघाला मला माहीत नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, एक विचारू? ती बकरी कोणाची होती?"

मी म्हटलं, यमुनाबाईची.

मग तिने तिचं सांगितलं. त्या दुपारी ती खोलीवर एकटीच होती. माझा फोन लागत नव्हता. दुसरं कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करून मी समोर आहे असं समजून ती बोलत होती. टोपणनाव, लाल रेघ, कॉन्फिगची फाइल – मी ऐकलं होतं तेच, त्याच क्रमाने. बोलता बोलता तिला वाटलं, मागून कोणीतरी म्हटलं, थांब, तुरीत बकरी शिरली. ती म्हणाली, "आवाज तुहाच होता. मी थांबली. तू म्हटलं म्हणून नुसती थांबली, हात कीबोर्डवरून काढून." आणि हात काढून बसल्यावर तिला दिसलं. ज्या फायलीत ते नाव सांगितलं होतं ती फक्त लिहिण्याच्या जागेसाठी होती. बांधणाऱ्याची फाइल वेगळी असते, आणि त्यात तिने ते सांगितलंच नव्हतं. तिथे एक ओळ लिहिली आणि बिल्ड झालं.

ही गोष्ट तिने ऑफिसात सांगितली. मैत्रिणी म्हणाल्या, झोप कमी झाली की असं होतं. तिनेही मग ते मान्य केलं असावं, कारण माझ्याशी पुन्हा तो विषय काढला नाही. मीसुद्धा काढला नाही. तिला आवाज आला हे झोपेचं म्हणू. मला आवाज आला हे एकटेपणाचं म्हणू. पण दोघींना एकाच दुपारी एकच बोलणं, आणि त्यात बकरी... याचं उत्तर मला कोणी देईल असं वाटत नाही.

आता ती एक पायरी वर गेली आहे. एरर आली की कॉम्प्युटरलाच विचारते, तो उत्तर देतो म्हणे. दुपारचे फोन बंद झाले. रविवारी सकाळी फोन येतो. त्यात हवा-पाणी, जेवण, तब्येत सगळं येतं, आणि ठेवण्याआधी ती दर वेळी विचारते, "तुले एकटं तं वाटत नाई ना वो आई?"

मी म्हणते, नाही, मला कशाला वाटेल.

त्या दुपारच्या आधी तिने हे कधीच विचारलेलं नव्हतं. मी तोंडाने जे बोलले ते तिने ऐकलं, हे तिने सांगितलं. बकरीमागे फिरताना मी जे बोलले नाही, ते तिच्यापर्यंत गेलं की नाही... हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.