मिस्त्री आहेत ना

संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरलात, तर जिन्याखालच्या इस्त्रीच्या दुकानात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ शर्टाच्या कॉलरशी झटापट करताना दिसतील. ते माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मागे स्टुलावर बसून डाव्या हाताने खुणा करत जे त्यांच्यावर खेकसत असतात, ते दुकानाचे मालक. त्यांना सगळी गल्ली कडकमामा म्हणते, कारण त्यांनी इस्त्री केलेली पँट म्हणे जमिनीवर आपली आपण उभी राहायची. आता मामांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असतो. नव्या भाडेकरूंना वाटतं की दाजींनी निवृत्तीनंतर जोडधंदा काढलाय. दाजी निवृत्तही नाहीत आणि दुकानातून छदामही घेत नाहीत.

दाजी सरकारी दवाखान्यात मिस्त्री आहेत. पंखा, पंप, मोटार, गरम पाण्याचा बंब, जे जे बंद पडतं ते त्यांच्याकडे येतं आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत जातं. बंद पडलेली वस्तू या माणसाला बघवतच नाही. स्वतःच्या लग्नात माईक बिघडला, तेव्हा नवरदेव स्टेजवरून गायब झाले आणि हार घातलेले तसेच पडद्यामागे तारा जोडताना सापडले. ताई अजून ते ऐकवते. आमच्या घरी आले की आधी नळाकडे बघतात, मग माझ्याकडे. मी त्यावरून खूप चिडवलं आहे त्यांना, पण माझा मिक्सर त्यांच्याच जिवावर वीस वर्षं चालला हेही खरं.

तर दवाखान्याची लिफ्ट. इमारत जुनी, तीन मजली. ऑपरेशनची खोली आणि डोक्याचा फोटो काढायचं मशीन दोन्ही वरच्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद की वळणावर स्ट्रेचर अडकतं. म्हणून पेशंट वर न्यायचा तो लिफ्टनेच. ही लिफ्ट दाजींच्या नोकरीपेक्षाही म्हातारी आहे. तिचं दार नीट टेकलं नाही तर ती हलत नाही, आणि दार तर तिचं झिजून झिजून कधीच नीट टेकत नाही. दाजी दर वेळी काहीतरी युक्ती करून ती चालवायचे. लिफ्ट अडली की वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: मिस्त्री आहेत ना. ते ऐकलं की दाजींची छाती फुगायची. का नाही फुगणार? पगारात तर काही फुगण्यासारखं नव्हतं.

मागच्या वर्षी दवाखान्याच्या सुधारणेसाठी सरकारकडून पैसे यायचे होते. ते कशावर खर्च करायचे हे ठरवायला समिती येणार होती. समितीचे अध्यक्ष आमच्याच भागातून निवडून आलेले. त्यांनी आमच्या रस्त्याला दिवे लावले म्हणून मीही त्यांनाच मत दिलं होतं. मत मागायला दारात आले तेव्हा आम्ही त्यांना दिव्यांचं विचारलं, गटाराचं विचारलं. दवाखान्याचं कोणीच विचारलं नाही. आजारी पडतात ती दुसरी माणसं, असं प्रत्येकाला वाटत असतं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी दाजींना बाजूला घेतलं. त्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की उद्या लिफ्ट अडली तर हात लावू नका. आपले हाल त्यांच्या डोळ्यांनी बघू देत, म्हणजे नवी लिफ्ट तरी मिळेल. दाजींनी मान डोलावली, शब्द दिला.

आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट अगदी शहाण्यासारखी वेळेवर बंद पडली. अध्यक्ष, त्यांची माणसं, मोठे डॉक्टर, सगळे दारापाशी ताटकळत उभे. आणखी थोडा वेळ गेला असता तर काम झालं होतं. पण अध्यक्ष हसत म्हणाले, की काय हो, तुमचे मिस्त्री झोपले आहेत वाटतं. मागची चार माणसं हसली. एवढंच घडलं. दाजींचे हात शिवशिवले. जुन्या सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून त्यांनी दाराच्या पट्टीमागे दाबून बसवला, आणि लिफ्ट लोण्यासारखी वर गेली. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, असा माणूस असताना नवी लिफ्ट कशाला हवी? त्यांना मिळालेल्या फुलांच्या गुच्छांतला एक त्यांनी दाजींच्या हातात दिला. सिस्टर वॉर्डात निघून गेल्या.

त्या संध्याकाळी ताईने तो गुच्छ पाण्याच्या तांब्यात लावला. दाजींनी आम्हाला थापेची गोष्ट दोनदा सांगितली, दिलेल्या शब्दाची एकदाही नाही. ती मला फार नंतर कळली.

पैसे आले आणि त्यातून दवाखान्याच्या फाटकावर कमान उभी राहिली, दगडी, भलीमोठी. पुढे कारंजं, त्यात रंगीत दिवे. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. पण हे शहाणपण मला आज सुचतंय. तेव्हा आम्ही सगळे नटूनथटून कारंजं बघायला गेलो होतो आणि माझा त्याच्यापुढे काढलेला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे.

ट्यूबचा तुकडा तात्पुरता होता. चांगली पट्टी मिळाली की बदलू, असं दाजी म्हणत राहिले. पण लिफ्ट चालत होती, आणि चालणाऱ्या वस्तूकडे कोण बघतं?

एका दुपारी कडकमामा इस्त्री करता करता खाली कोसळले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. धावत गेले तर तोंड वाकडं झालेलं, उजवी बाजू लुळी. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, की डोक्यात रक्ताची गुठळी आहे असं दिसतंय. आधी वर फोटो काढू, मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ, पण जितकं लवकर तितकं बरं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातलं. मी आणि वॉर्डबॉय आत शिरलो. शेवटच्या मजल्याची फरशी जाळीतून माझ्या कपाळाच्या उंचीवर दिसू लागली, आणि लिफ्ट थांबली.

मामांचा चांगला हात माझ्या हातात होता. ते माझ्याकडे बघत होते आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. मी नुसती हो मामा, हो मामा म्हणत होते. वरून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि मग दाजींचा आवाज, "घाबरू नका, मी आहे." मला इतकं हायसं वाटलं की रडू फुटलं. दाजी गच्चीवरच्या मोटारीपाशी गेले आणि त्यांनी वॉचमनला घेऊन हाताने चाक फिरवत फिरवत लिफ्ट वर ओढली. ती बोटबोट सरकत होती. दार उघडलं तेव्हा दाजींच्या तळहातांची सालं निघाली होती. त्यांनी मामांकडे बघितलंच नाही. ते खाली वाकून दाराच्या पट्टीमागून काहीतरी उपसत होते. रबर वाळून लाकडासारखं झालं होतं आणि जागेवरून सरकलं होतं.

मामा वाचले. हात मात्र गेला. दाजींनी तरुण डॉक्टरांना गाठून विचारलं, की लिफ्ट अडली नसती तर? डॉक्टर भला माणूस. म्हणाला, कदाचित हात वाचला असता, कदाचित नसताही, असं सांगता येत नाही. दाजींना खरं तर शिवी हवी होती. हे 'सांगता येत नाही' त्यांच्या मानेवर बसलं ते उतरेना.

त्यानंतर दाजींनी घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. ताईकडचा पंखा कुरकुरत बंद पडला, नळ गळू लागला, माझा मिक्सर अखेर गेला. मिस्त्रीच्या घरात बादलीत पाणी टपटपतंय आणि मिस्त्री शेजारी बसून ऐकतोय. संध्याकाळी मात्र न चुकता मामांच्या दुकानात. लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायचे, पैसे मामांच्या डब्यात टाकायचे. मामांना वाटलं, शेजारधर्म.

शेवटी ताईच्या आग्रहाने मी त्यांना बोलतं केलं, तेव्हा सिस्टरांना दिलेल्या शब्दाची गोष्ट बाहेर आली. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दाजी, कमान काय तुम्ही बांधलीत? चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"संन्यासी कसला," ते म्हणाले. "पाठीवर थाप हवी होती मला."

कारंज्याचा फोटो आठवला आणि मी चहा करायला उठले.

यंदा समिती परत आली. पुन्हा तेच अध्यक्ष, तेच हास्य. दाजींनी नवी पट्टी मागूनही ती आली नव्हती, तेव्हा लिफ्टही पुन्हा अडली. या वेळी मोठ्या सिस्टरांनी दाजींना काहीच सांगितलं नव्हतं. पण त्या येऊन जिन्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पुढचं सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. अध्यक्षांनी दाजींना ओळखलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला मिस्त्री, दाखवा तुमची जादू.

दाजींनी दोन्ही हात मागे बांधले. "साहेब, मागच्या वेळी ही चालली ती खोटी चालली. तुम्ही हसलात म्हणून मी चालवली. पुढे हिच्यात एक इस्त्रीवाला अडकला आणि त्याचा हात गेला. त्यात माझा वाटा आहे. तुमचाही आहे."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्ष रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दाजींचा हात दोन्ही हातांत घेतला, फार वाईट वाटलं म्हणाले, आणि तसं ते वाटतही असावं. मग म्हणाले, "बघू, यंदा नक्की विचार करू. पण तोवर पेशंटचे हाल नकोत. तुम्ही आहात ना." आणि जिन्याने वर निघून गेले.

दुपारी एक बाई बाळंतपणाला आली. अडलेली, ताबडतोब वर न्यायची होती. दाजी लिफ्टपुढे उभे होते. सिस्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दाजींनी पिशवी उचलली, दारापाशी गुडघे टेकले आणि नवं रबर कापायला घेतलं. रडत होते, असं सिस्टर म्हणाल्या. बाई वेळेत वर पोचली. पैसे कशाला मंजूर झाले ते अजून कळलेलं नाही. कोणी म्हणतं लिफ्ट, कोणी म्हणतं फाटकाला शोभेल असं मोठं घड्याळ.

त्या संध्याकाळी मी साड्या द्यायला दुकानात गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. दाजींनी इस्त्री उभी ठेवली आणि कडकमामांना सगळं सांगून टाकलं: शब्द, हसणं, थाप, रबर, आजची अडलेली बाई. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. मामांचे शब्द हल्ली जड येतात, त्यामुळे ते आधी तयार करून मग बोलतात.

"म्हणजे हा तुमचा शेजारधर्म नव्हता तर," मामा म्हणाले.

"नाही."

"आज ती बाई पोचली वर?"

"पोचली."

मामांनी लुळा हात चांगल्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या मिस्त्री, झालं ते झालं. म्हातारी माणसं म्हणतात तसं. आमची सगळ्यांचीच सोय झाली असती त्याने.

"माफ केलं म्हणू का?" मामा म्हणाले. "नाही म्हणवत मला. झोपेत अजून कूस बदलायला जातो आणि हा हात अंगाखाली राहतो."

दाजींनी मान खाली घातली, चपला पायात सरकवल्या आणि जायला निघाले. ते दाराशी पोचले तेव्हा मामांनी डाव्या हाताने गिऱ्हाइकाचा शर्ट ओढून समोर पसरला.

"कुठं निघालात? ही कॉलर बघा. टोकाकडून मध्ये आणायची, किती वेळा सांगायचं. पुन्हा करा."

दाजी परत आले आणि त्यांनी इस्त्री उचलली.