आई आणि गोड चहाची पळी

आई नागपूरहून आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आली, त्या वर्षी एप्रिलमध्येही बर्फ पडत होता. दोन घरं सोडून राहणाऱ्या जपानी काकूंनी आम्हाला शिकागोतल्या त्यांच्या बौद्ध मंदिरात बोलावलं. मी त्यांना काकूच म्हणते, त्यांनाही ते आवडतं. "हाना मात्सुरी आहे, फुलांचा सण. बुद्धांचा वाढदिवस," त्या म्हणाल्या. आई लगेच तयार. पांढरी साडी, वर माझं जाड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. माझी लेकही निघाली.

ट्रेनमध्ये मी तिला सांगून ठेवलं, की तिथे फुलांच्या छोट्याशा मांडवात बाळ बुद्धांची मूर्ती असते आणि सगळे पळीने तिच्यावर गोड चहा ओततात.

"म्हणजे अभिषेक," आई म्हणाली.

"तसं नाही गं ते."

"कसं आहे ते मी विचारीन ना त्यांना."

आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिचं इंग्रजी सावकाश, पण ठाम. पाहुण्यासारखं जायचं आणि तिथे वाद घालायचा, या विचारानेच मला धास्ती वाटत होती.

रांगेत आमचा नंबर आला. काकूंनी पळी पुढे केली. आईने हात जोडले.

"माफ करा, मी हे करणार नाही. मूर्तीला आंघोळ, नवस, हे सगळं आम्ही सोडलंय. बौद्ध धम्माची दीक्षा घेताना तशा प्रतिज्ञा घेतल्यात."

"आम्ही यातून काही मागत नाही," काकू म्हणाल्या. "जन्माच्या वेळी आकाशातून गोड पाऊस पडला अशी गोष्ट आहे, तिची ही आठवण. पण तुम्हाला नको तर नको." आणि त्यांनी पळी माझ्या मुलीपुढे धरली.

"आजी, कॅन आय?"

"घाल की. प्रतिज्ञा मी घेतल्यात, तू नाही."

लेकीने तीनदा चहा ओतला. आईने मूर्तीपुढे एक फूल ठेवलं आणि बाजूला झाली.

मग सगळे बाकांवर बसले आणि त्रिशरण सुरू झालं. पालीतच! शब्द आमचेच, चाल मात्र फार संथ. आईचा आवाज आमच्या विहारातल्या चालीत चढला. पुढची माणसं वळून बघू लागली. मी तिच्या कोपराला हात लावला, तिने तो झटकला. संपल्यावर धर्मगुरूंनी माईकवरून विचारलं, "तुमच्या चालीत आम्हाला शिकवाल?"

आई पुढे गेली. वर्गासमोर उभी राहायची तशी उभी राहिली. ती एकेक ओळ म्हणत गेली आणि अख्खा हॉल तिच्यामागून म्हणत गेला. ऑफिसात कुणी धर्म विचारला की मी इतकी वर्षं विषय बदलत आले होते. सोमवारी लंचला वीकेंडची चौकशी झाली, तेव्हा मी सगळं सांगितलं. आम्ही कोण, दीक्षा कसली, आईने पळी का घेतली नाही, सगळं. आवाज जराही अडखळला नाही.

महिनाअखेरीला चेरी फुलली. काकूंनी मैत्रिणींना जमवून तळ्याकाठच्या पार्कात झाडांखाली ताडपत्री अंथरली. वारा बोचरा होता. सगळ्या म्हाताऱ्या कोट घालून, भाताचे गोळे आणि आईचे आलूबोंडे खात बसल्या. पाकळ्या डब्यात पडत होत्या, त्या कुणी काढत नव्हतं.

"नुसतं फुलं बघायला आलात?" आईने विचारलं.

"नुसतं फुलं बघायला," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे नाही जात?"

आईने वर झाडाकडे पाहिलं. "आमच्याकडे पळस फुलतो. बसच्या खिडकीतून दिसतो. मुद्दाम कधी उतरलो नाही."

आई नागपूरला परतली. पुढच्या मार्चमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. रामटेकच्या रस्त्यावर, केशरी पेटलेल्या पळसाखाली सतरंजी टाकून ती चार निवृत्त शिक्षिकांबरोबर बसली होती. मध्ये चिवड्याचा डबा.

"काकूंना दाखव," ती म्हणाली. मी फोन घेऊन तशीच त्यांच्या दाराशी गेले.