डॉक्टरांसमोर कण्हायचं नाही

गेल्या शनिवारी सकाळी आईच्या पोटात दुखायला लागलं, आणि दुपार व्हायच्या आत आम्ही इथे इंग्लंडात, लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात होतो. आई पुण्याहून उन्हाळ्यापुरती माझ्याकडे आलीय. बाबा गेल्यापासून तिकडे एकटीच असते.

गाडीत ती अक्षरशः दुमडून बसली होती. प्रत्येक स्पीड बंपला "आई गं..." असं चालू होतं. पासष्ट वर्षांची शुगरची पेशंट, आत काही फुटलंबिटलं तर? समीर, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवत होता आणि मी मागे तिचा हात धरून देवाचं नाव घेत होते.

आणि हॉस्पिटलच्या दारातून आत गेलो मात्र... बाईसाहेब एकदम ताठ! नर्सने "हाऊ आर यू, लव्ह?" विचारलं, तर हसून नमस्कार करून "फाइन, थँक यू." मी कपाळाला हात लावला.

मी सांगितलं की खूप दुखतंय, दोनदा उलटी झालीय. नर्स लिहून घेत होती, पण बघत होती आईकडे. आणि आई तिच्याकडे बघून गोड हसत होती.

आम्हाला एक क्यूबिकल मिळालं. पडदा ओढून नर्स गेली रे गेली, आईने माझा दंड असा पकडला की नखं रुतली. "मेले गं..." म्हणाली. बाहेर पावलं वाजली की चेहरा परत साफ.

आमच्या घरात हे असंच. कुणी आलंय म्हटल्यावर आपलं दुखणं काढायचं नाही. एकदा दाढ ठणकत असताना हिने घरभर पाहुण्यांना आग्रह कर-करून वाढलं होतं, आणि सगळे रिक्षात बसल्यावर ओट्याला डोकं टेकून रडली होती. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात.

मग डॉक्टर आली. अगदी तरुण मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आईचं पहिलं वाक्य काय असावं? "अगं, तिला खुर्ची दे. बिचारी उभीच आहे."

तिने पोट दाबून पाहिलं. दहापैकी किती दुखतंय, असं विचारलं. आई म्हणाली, "सांग तिला, दोन." मी म्हटलं, टेन! डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली... आणि तिने आईवर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? पेशंट हसतेय आणि मुलगी हातवारे करतेय.

ॲसिडिटीचा त्रास वाटतोय म्हणाली. रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, ठीक असले तर गोळ्या देऊन घरी सोडू, वाढलं तर परत या. एवढं बोलून ती बाहेर गेली.

माझं डोकंच फिरलं. "अगं आई, ती पाहुणी नाहीये, डॉक्टर आहे!" तर म्हणते कशी, "असू दे. पोर केवढी दमलीय बघ. त्यात माझी रड कशाला?" हे म्हणताना ओठ पांढरेफटक पडले होते तिचे. आता हिला अशीच घरी नेली तर आपण हिला गमावणार, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

मी पळत जाऊन डॉक्टरला गाठलं. इतक्या वर्षांचं माझं इंग्लिश त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे... कसंबसं एवढंच म्हटलं, प्लीज, दोन मिनिटं पडद्याबाहेर उभी राहा, बोलू नकोस, फक्त ऐक. मला वाटलं, ही आता मला हाकलणार. पण ती आली.

आधी काहीच नाही. मी मनात म्हणतेय, आई, कण्ह गं, कण्ह... काय वेळ आली होती बघा! मग आतून आवाज आला. दात आवळून दाबलेलं कण्हणं, मध्येच श्वास अडकत होता. आणि मग तिने तिच्या आईला हाक मारली. आजीला जाऊन कितीतरी वर्षं झालीत.

त्या मुलीला मराठीचा म कळत नव्हता. पण तिचा चेहरा बदलला.

ती आत गेली तशी आई लगेच हसली. या वेळी मात्र डॉक्टर चेहऱ्याकडे बघेचना. तिने उजव्या बाजूला खाली हळूहळू दाबलं आणि नजर ठेवली आईच्या पायांवर. हात सोडला तशी दोन्ही पावलं ताडकन आखडली. पाच मिनिटांत सर्जन हजर.

स्कॅन, सह्या, धावपळ... अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. आता धोका टळलाय.

काल वॉर्डमध्ये तिची वेणी घालताना सहज विचारलं, "आई, दर रविवारी फोनवर 'मी मजेत' म्हणतेस, तेही असंच असतं का गं?"

मग म्हणाली, "मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडले होते. मनगट मोडलं होतं. शेजारच्या लताताई महिनाभर वेणी घालून द्यायच्या."

महिनाभर! त्या महिन्यातही आम्ही दर रविवारी बोललो होतो. मी तिला इथल्या पावसाचं रडगाणं ऐकवलं असणार, आणि तिने मला "जप गं" म्हटलं असणार.

त्या डॉक्टर मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आई सप्टेंबरमध्ये परत जाईल. मी रविवारी फोन लावेन, ती "मजेत" म्हणेल... आणि फोन ठेवल्यावर ती काय करते, ते मला इथून ऐकू येणार नाही.