तारवाल्या बाईंचा चढलेला दात

जगाच्या मुलांचे दात तारा लावून ओळीत आणणाऱ्या आमच्या तारवाल्या बाईंचा स्वतःचा पुढचा एक दात मात्र शेजारच्या दातावर चढून बसला होता. आणि त्या हसायच्याही अशा, की तो समोरच्याला दिसलाच पाहिजे. गार्गीला, म्हणजे माझ्या मुलीला, घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या भाईंदरच्या दवाखान्यात गेले, तेव्हा माझी नजर त्या दातावरून हलेना. बाईंच्या ते लक्षात आलं. "चावता येतं, घासता येतं, हसता येतं," त्या म्हणाल्या. "तिन्ही जमत असेल तर दाताला छळू नये. जमत नसेल तर माझ्याकडे यावं."

बाई इथल्याच, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या. मिठागरं गेली, टॉवर आले, बाई डॉक्टर झाल्या आणि तिथेच राहिल्या. आमच्याशी पुस्तकी मराठी, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी, आणि संध्याकाळी पाठ बोलायला लागली की घरची बोली. दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघायचं आणि तेच ते सांगायचं, याने माणूस थकणारच. पण थकून त्यांनी एखाद्या मुलाची तपासणी उरकलीय, असं मी कधी पाहिलं नाही.

गार्गी तेव्हा आठ वर्षांची होती. वरचे दात पुढे, आणि हसताना तोंडावर हात. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला तारा लागल्या, म्हणून मीही धावत गेले होते. बाईंनी परत पाठवलं. "आणलंत ते बरं केलंत. सात-आठ वर्षांचं पोर एकदा दाखवावंच. पण दाखवायचं म्हणजे लगेच लावायचं असं नाही." ती अंगठा चोखते का, झोपेत तोंड उघडं राहतं का, सगळं विचारलं. मग खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता तुम्ही बसा." आई किंवा बापाचं तोंड बघितल्याशिवाय त्यांची तपासणी पुरी व्हायची नाही. जबडा अर्थातच माझ्याकडून आला होता. माझ्या लहानपणी दातांसाठी कोण कुणाला कुठे नेत होतं. झाकायला हात होता की.

चार वर्षांनी तारा लावायची वेळ आली. बाई गार्गीला काही विचारायच्या आणि उत्तर मी द्यायचे. दोनतीनदा ऐकून घेतलं. मग हातातला आरसा ठेवून म्हणाल्या, "तिचं तोंड हाय, तुमचं न्हाय." आणि त्या गार्गीकडे वळल्या. "तुला कशाला हव्यात गं तारा?" त्यांनी विचारलं. "मला हसायचंय," ती म्हणाली.

पुढची दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. दर महिन्याला काशीमीऱ्याहून निघायचं, ट्रकांच्या गर्दीत रिक्षात बसून राहायचं, तिथे रांग, मग तारा आवळून घेऊन तसंच परत. पहिले तीन-चार दिवस दात ठणकणार, म्हणून मऊ खिचडी. ब्रश नीट झाला नाही की बाईंची बोलणी मला नाही, गार्गीला. संक्रांतीला तिने कडक तिळगूळ चावला आणि दाताला चिकटवलेला एक तुकडा निघून आला. "एका लाडवाने महिना घालवलास बाई," एवढंच म्हणून त्यांनी तो पुन्हा चिकटवला. एकदा मी इतकी वैतागले, की निम्म्यावरच काढून टाका म्हणणार होते. बाई माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाल्या, "कंटाळा पोरांना येत नाही, आईबापांना येतो. मुलं सोसतात."

शेवटी तारा निघाल्या. दात एका ओळीत, बघत राहावं असे. बाईंनी रात्री घालायची पारदर्शक पट्टी दिली आणि तारा निघाल्या म्हणून सुटलो असं समजू नका, असं बजावलं. "दातांना जुनं घर आठवतं. पट्टी सोडलीत की परत जातील." मग त्यांनी एका आजोबांची गोष्ट सांगितली. नातवाचं बघून ते आपल्या कवळीलाही तारा लावून मागत होते. आम्ही दोघी हसलो, आणि दोघींचे हात एकदमच तोंडावर गेले.

बाईंचं हसू थांबलं. "चावता येतंय, घासता येतंय," त्या मला म्हणाल्या. "तिसरं माझ्याकडे नाही हो. जबडा तुमच्याकडून घेतला, तसा हातही तुमच्याकडूनच घेतलाय तिने. तो तुमचा आधी खाली यायला हवा."

मला राग आला. दोन वर्षं खेटे घातले ते हे ऐकायला? आणि राग ओसरल्यावर कळलं, की बाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. पण चाळीस वर्षांचा हात. मी खाली ठेवायचे, तो आपला वर जायचा. शेवटी मी नाद सोडला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आजारी होत्या ते कुणाला सांगितलंही नव्हतं. शोकसभेला सोसायटीच्या हॉलमध्ये गार्गी आणि मी मागे बसलो. समोर त्यांचा मोठा फोटो, हसणारा, चढलेल्या दातासकट. त्यांची धाकटी बहीण बोलायला उभी राहिली. लग्नाआधी आईने हिच्या किती विनवण्या केल्या, म्हणाली, एवढी डॉक्टर झालीस, तो दात तेवढा सरळ करून घे. तर ही म्हणते, "दात माझा हाय, नवऱ्याचा न्हाय."

रडता रडता सगळा हॉल हसला. माझा हात सवयीने उठला. गार्गीने तो अर्ध्या वाटेवर धरला, खाली आणला आणि दोन्ही हातांनी मांडीवर दाबून ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. ती फोटोकडे बघत होती, डोळे वाहत होते, आणि तोंड उघडं टाकून हसत होती. मग मीही हसले, तशीच, चारचौघांत. ज्यांना हे दाखवायचं होतं, त्या बाई तेवढ्या नव्हत्या.