पोटातल्याला ओ न देणारी

टॅक्सी ऑफिसातले सगळे ड्रायव्हर तिला 'कंट्रोल' म्हणत. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती गाड्या इकडून तिकडे पाठवायची, उशीर करणाऱ्यांना फैलावर घ्यायची. तोंडाची टकळी अखंड चालू. पण घरी नवरा पोटाकडे बघून म्हणाला, "बोल ना काहीतरी त्याच्याशी," की ती उठून भांडी घासायला लागायची.

पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याच्याशी ती भरभरून बोलली होती, नावही ठरवलं होतं. या वेळी तिने मनाला बजावलं होतं, जीव लावायचा नाही. सोनोग्राफीच्या वेळी ती पडद्याऐवजी छताकडे बघत राहिली. बाळाने लाथ मारली तरी कुणाला सांगायची नाही. मग स्वतःचाच राग यायचा. आपण कसली आई?

सातव्या महिन्यात एका दुपारी कामावर असताना तिच्या लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललेलंच नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला "सांभाळ जरा" म्हणून ती तशीच दवाखान्यात निघाली. नवरा कुठेतरी लिफ्ट दुरुस्त करत होता, त्याचा फोन लागेना. सासूबाई मात्र तिचा फोन येताच धापा टाकत दवाखान्यात पोचल्या.

नर्स पोटावर यंत्र फिरवत होती. नुसती खरखर.

"रोज हलत होतं," ती रडत म्हणाली. "मीच कधी ओ दिली नाही. मला मायाच वाटत नाही हो, आई."

"वाटत नसती तर अशी धावत आली असतीस?" सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "माझी थोरली जन्मतःच गेली. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीही अशीच होते. तो झाल्यावरही नुसतं दूध पाजायचे, आतून कोरडीच. हे त्यालाही ठाऊक नाही."

तेवढ्यात खरखरीतून ठोके ऐकू आले. भराभर, अगदी घाईत असल्यासारखे.

"झोपले होते साहेब," नर्स हसली. "आणि इथे सगळ्यांची झोप उडवली!"

भीती त्यानंतरही गेली नाही. पण आता बाळ हललं की ती सासूबाईंना हाक मारायची.

मुलगी झाली. कुशीत घेतल्यावर तिला भरून वगैरे आलं नाही. श्वास चालू आहे ना, एवढंच ती बघत राहिली. सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.