काकू नीट पडल्या

“आधी थांब.”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं हे ठरलेलं वाक्य. खुर्चीतून उठायचंय? आधी थांब. पायरी चढायचीय? आधी थांब. पाय कुठे आहेत ते बघ, मान मोकळी सोड, मग हल. साक्षात विठोबा त्यांच्या तावडीत सापडता, तर कमरेवरचे हात खाली घ्यायला लावून त्यालाही उभं राहायला शिकवलं असतं.

नव्वदच्या दशकात बँकेने माझी साताऱ्याहून लखनौला बदली केली. वयाने मी पस्तिशीचा होतो, पाठीने सत्तरीचा. काकू तिथल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. जिन्यात मला बघून म्हणाल्या, “काय रे, काही हरवलंय का? जमीन धुंडाळत चालतोस म्हणून विचारलं.” गुडघे दुखायला लागल्यावर स्वतःवरच प्रयोग करून त्यांनी हे शास्त्र जमवलं होतं. प्रयोगशाळेला आता दुसरा उंदीर मिळाला.

धडे भलत्याच ठिकाणी व्हायचे. मोजे घालायचे ते एका पायावर उभं राहून. सायकलरिक्षाची सीट पुढे उतरती असते. तिच्यावर काहीही न धरता, हात मांडीवर ठेवून हजरतगंजपर्यंत जायचं. खड्डा आला की मी थेट रिक्षावाल्याच्या पाठीवर.

“बाबूजी, पकड़ के बैठिए!”

“भैया, आप रास्ता देखिए. बाबूजी को हम देख रहे हैं,” काकू म्हणायच्या. स्वतः अशा बसलेल्या, जणू रिक्षा उभीच आहे.

काकूंचा मुलगा पुण्यात होता. त्याची एकच अट होती: एकदा जरी पडलीस तर लखनौचं घर बंद, पुण्याला यायचं. काकूंना पुणं नको होतं. “तिथे सगळे मला आजीबाई करून कोपऱ्यात बसवतील,” म्हणायच्या.

आणि एका सकाळी त्या पडल्या. न्हाणीघरात. आवाज ऐकून मी धावलो, आमच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. काकू फरशीवर, अर्धी साडी ओली. मी काखेत हात घालून ओढायला लागलो.

“आधी थांब! गुडघे वाकव, मेल्या, पाठ नको. पडलेय मी, मोडतोस तू कशाला?”

हाडं शाबूत होती. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून मुलगा रविवारी आमच्या घरी फोन करायचा. त्या रविवारी काकू शेजारीच बसल्या होत्या. रिसीव्हर मी उचलला.

“आई पडली वगैरे नाही ना?” त्याने नेहमीचं विचारलं.

“छे छे, एकदम ठणठणीत…”

काकूंनी माझ्या मानेवर हात ठेवला. “बघ, कासव झालं! खोटं बोलायला लागलास की मान आत जाते. सगळी मेहनत वाया घालवलीस माझी.” आणि रिसीव्हर काढून घेतला. “हो, पडले. पण नीट पडले. हात टेकले नाहीत, श्वास सोडून कुशीवर गेले. तुला जमेल का?”

मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. “बरं. ये न्यायला.”

मी न बोलणारा माणूस. पुढचं बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्या क्षणी मला हायसं वाटलं. वरून भांडं वाजलं तरी छातीत धस्स व्हायचं, ते आता संपणार होतं. खोटं बोलून माझी मान आत जाऊ नये म्हणून त्यांनी घर सोडलं, आणि मी मनातल्या मनात त्यांचं सामान बांधत होतो.

स्टेशनवर डब्याची पायरी उंच होती. मुलगा आतून ओरडत होता, “आई, लवकर!” काकू थांबल्या. पाय बघितले. मागे हमाल, ट्रंका आणि एक अख्खी वरात खोळंबली. “माताजी, चढ़िए भी!” कुणीतरी करवादलं. काकू ढिम्म.

मग कधी कुणाचा आधार न घेणाऱ्या त्या बाईने, माझ्याकडे न बघता, हात पुढे केला. मी धरला. त्यांनी सगळा भार त्यावर टाकला. एवढ्याशा बाईचा तो भार एवढा असेल असं वाटलं नव्हतं. मी खाली बघायला लागलो.

“मान, मेल्या,” त्या वरून म्हणाल्या.